घरी जोडलेला कॉम्प्युटर सुरूच होत नाही? नवा पार्ट विकत घेण्याआधी या क्रमाने दोष शोधा

सुटे पार्ट आणून स्वतः जोडलेला कॉम्प्युटर काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालत होता. आज बटण दाबलं, पंखे फिरले, दिवेही लागले, पण मॉनिटर काळाच! मग सुरू होतो अंदाजांचा खेळ. एक मित्र म्हणतो, "रॅम गेली असणार." दुसरा म्हणतो, "मदरबोर्ड उडाला." व्हिडिओमध्ये कुणी सांगतो, एसएमपीएस बदला. बऱ्याचदा होतं काय, तर काही हजारांचा नवा पार्ट घरी येतो, बसवला जातो आणि स्क्रीन तशीच काळी राहते.

कराडला लागून असलेल्या मलकापूरसारख्या ठिकाणी ही चूक जास्त महाग पडते. (हे सातारा जिल्ह्यातलं मलकापूर. बुलढाण्यातलं किंवा शाहूवाडीतलं नव्हे.) केबल, रॅम, पंखा अशा वस्तू कराडच्या बाजारात मिळून जातात. पण नेमक्या मॉडेलचा मदरबोर्ड हवा असेल किंवा वॉरंटीसाठी कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं असेल, तर अनेकदा पुणे किंवा कोल्हापूरच गाठावं लागतं. पुणे सुमारे १६० किलोमीटर, कोल्हापूर सुमारे ७५. चुकीचा पार्ट घेऊन एक फेरी झाली की एक दिवस आणि गाडीभाडं पाण्यात.

दिलासा देणारी गोष्ट अशी की, बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये दर वेळी काहीतरी जळालेलंच असतं असं नाही. सैल झालेली रॅम, अर्धवट खोचलेली केबल, संपलेला सेल, धुळीने गच्च भरलेला कूलर, एवढंच काय, भिंतीतलं सॉकेटसुद्धा दोषी असू शकतं. दोष नेमका कुठे आहे हे शोधायला महागडी उपकरणं लागत नाहीत. एक स्क्रू ड्रायव्हर, थोडा संयम आणि योग्य क्रम लागतो. तोच क्रम आज समजून घेऊ.

असेंबल्ड कॉम्प्युटरचं दुखणं वेगळं का?

कंपनीचा तयार कॉम्प्युटर बिघडला की आपण एका नंबरवर फोन करतो. असेंबल्ड कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसऱ्या, रॅम तिसऱ्या आणि एसएमपीएस चौथ्या कंपनीचा असतो. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, मुदत वेगळी आणि सर्व्हिस सेंटरही वेगळं. त्यामुळे "कॉम्प्युटर चालत नाही" ही तक्रार कुणीच घेत नाही. "हा अमुक पार्ट खराब आहे" असं सांगावं लागतं. म्हणजे निदान करण्याची जबाबदारी आपलीच.

आणि हे निदान करताना एक नियम शेवटपर्यंत पाळायचा: एका वेळी एकच बदल. रॅम काढून पुसली, केबल बदलली आणि बायोस रिसेटही केलं, मग कॉम्प्युटर सुरू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. महिन्याभराने तोच त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून एक बदल करा, कॉम्प्युटर सुरू करून पाहा, काय झालं ते कागदावर लिहा आणि मगच पुढचा बदल करा.

बटण दाबल्यावर आत नेमकं काय होतं?

हे एकदा समजलं की निम्मं काम झालं.

भिंतीतली २३० व्होल्टची वीज एसएमपीएसमध्ये येते. बटण दाबलं की मदरबोर्ड एसएमपीएसला "चालू हो" असा इशारा देतो. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा सुरू करतो आणि तो स्थिर झाला की मदरबोर्डला तसं कळवतो. मग प्रोसेसर जागा होतो आणि बायोसमधल्या सूचना वाचायला लागतो. त्यानंतर रॅम तपासली जाते, मग ग्राफिक्स, मग ज्या डिस्कवर विंडोज आहे ती डिस्क. सगळं जागेवर सापडलं की विंडोज सुरू होतं.

या तपासणीला 'पोस्ट' म्हणतात, म्हणजेच 'पॉवर ऑन सेल्फ टेस्ट'. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीतही ती होती आणि काही चुकलं की तो कॉम्प्युटर 'बीप' करून सांगायचा. आजच्या अनेक मदरबोर्डवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात. त्यांच्याजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असं लिहिलेलं असतं. सुरू होताना हे दिवे एकामागोमाग लागतात आणि विझतात. जो दिवा लागून तसाच राहतो, तिथे गाडी अडली आहे असं समजायचं.

तुमच्या बोर्डवर असे दिवे नसतील तर छोटा बीप स्पीकर घ्या. तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो. किती बीप म्हणजे कोणता दोष, हे प्रत्येक बायोसमध्ये वेगळं असतं, त्यामुळे ते मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतच पाहा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तक्ता तुमच्या बोर्डचा असेलच असं नाही.

पहिली पायरी: कॉम्प्युटर उघडण्याआधी भिंत तपासा

बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, तर त्याच सॉकेटला टेबल लॅम्प किंवा मोबाईलचा चार्जर लावून पाहा. मग कॉम्प्युटर एक्स्टेंशन बोर्डऐवजी थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडा. यूपीएस असेल तर तो काही वेळापुरता बाजूला ठेवा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि नाव मात्र कॉम्प्युटरचं खराब होतं.

एसएमपीएसच्या मागे एक स्विच असतो. त्यावर उभी रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. साफसफाई करताना तो नकळत बंद होतो. काही जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा लाल स्विचही असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून कॉम्प्युटर चालू केला तर एसएमपीएस जळतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात?

हा अनुभव आपल्याकडच्या अनेक घरांत येतो आणि लोक तो हसण्यावारी नेतात. कारण समजून घ्या. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये जोडलेले असतात. घराचं अर्थिंग चांगलं असेल तर त्यातून गळणारा बारीकसा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कुणी तोडून टाकली असेल, तर कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण अर्ध्या व्होल्टेजइतकी वीज तरंगत राहते. टेस्टर लावला तर तो पेटतो.

यातून येणारा करंट अगदी थोडा असतो, म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण याचा अर्थ असाही आहे की, उद्या आत खरोखर कुठे फेज पत्र्याला चिकटली तर तिला जायला वाट नाही. ती वाट मग हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. म्हणून पार्ट बदलत बसण्याआधी वायरमनला बोलवा आणि त्या सॉकेटचं अर्थिंग मीटरने तपासून घ्या. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये एक-दोन व्होल्टच्या आसपासच दिसायला हवेत. अर्थ आणि न्यूट्रल आतून एकत्र जोडून "झालं काम" म्हणणारा वायरमन मात्र टाळा. ती सोय धोकादायक आहे.

इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की कॉम्प्युटर रिस्टार्ट का होतो?

वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १६ ते १७ मिलिसेकंद तग धरतो, तेही तो चांगल्या प्रतीचा असेल तर. घरातला इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर मेनवरून बॅटरीवर यायला त्याला यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. पंख्याला आणि बल्बला त्याने फरक पडत नाही, कॉम्प्युटरला पडतो. अनेक इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस मोड'चा स्विच असतो. तो लावला की ही बदली लवकर होते. एवढ्यानेच प्रश्न सुटला तर नवा एसएमपीएस घ्यायची गरज नाही. आणि इन्व्हर्टर नवा घेणार असाल तर साइन वेव्ह प्रकारचा घ्या. स्क्वेअर वेव्हवर आजचे बरेच एसएमपीएस कुरकुर करतात.

दुसरी पायरी: काहीच हालचाल नाही, पंखाही फिरत नाही

भिंतीतली वीज ठीक आहे, मागचा स्विच चालू आहे, तरीही कॉम्प्युटर निपचित पडलाय? आता प्लग काढा, कॅबिनेट उघडा आणि आतल्या रंगवलेल्या नसलेल्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. थंडीत हवा कोरडी असते तेव्हा ही काळजी जास्त घ्यायची. स्थिर विजेचा जो चटका आपल्याला जाणवतो, त्याच्याहून कितीतरी कमी व्होल्टेजला चिप खराब होऊ शकते.

मग या गोष्टी पाहा:

१. मदरबोर्डची मोठी २४ पिनांची केबल पूर्ण बसली आहे का? खटका लागल्याचा आवाज यायला हवा.

२. प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनांची वेगळी केबल, जी बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात लागते, ती जोडली आहे का? नव्याने जोडणाऱ्यांकडून हीच हमखास विसरते. ती नसेल तर बहुतेक वेळा पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही.

३. कॅबिनेटचं बटणच खराब नाही ना? हे पाहायची सोपी युक्ती आहे. रिसेटच्या बटणाची वायर काढून पॉवर बटणाच्या पिनांवर लावा आणि रिसेटचं बटण दाबा. कॉम्प्युटर सुरू झाला तर दोष फक्त त्या बटणात आहे.

४. पंखा क्षणभर फिरून थांबतो का? तसं असेल तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतोय. मदरबोर्डखाली पडलेला स्क्रू, चुकीच्या जागी लावलेला पितळी स्टँडऑफ किंवा वाकलेला यूएसबी पोर्ट यातलं काहीही कारण असू शकतं.

शॉर्टचा संशय असेल तर सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवणं. त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम ठेवा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ग्राफिक्स कार्डही लावा. बाकी डिस्क, जास्तीचे पंखे, यूएसबीच्या वायरी काढून टाका. या अवस्थेत तो सुरू झाला तर एकेक वस्तू परत जोडत जा. ज्या वस्तूने बंद पडला, ती दोषी.

इथे एक धोक्याची सूचना. काही एसएमपीएसच्या केबल सुट्या होतात. एका एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. टोकं सारखी दिसली, नीट बसली, तरी आतली वायरींची जुळणी वेगळी असू शकते. पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले की डिस्क एका क्षणात जळते आणि तिच्यातला डेटाही जातो.

तिसरी पायरी: पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. म्हणून सोप्यापासून अवघडाकडे जाऊ.

आधी मॉनिटर. तो योग्य इनपुटवर आहे का? दुसऱ्या केबलने किंवा टीव्हीला जोडून पाहिलं का? मग केबल मागे कुठे लावली आहे ते पाहा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डलाच लागते, मदरबोर्डच्या पोर्टला नाही. नावात 'एफ' असलेले इंटेलचे प्रोसेसर आणि 'जी' नसलेले रायझन ३००० किंवा ५००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर यांच्यात ग्राफिक्स नसतंच. त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्र येणं शक्य नाही.

आता रॅम. सगळ्या रॅम काढा. एकच रॅम, पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत बसवा. बहुतेक बोर्डवर ती प्रोसेसरपासून दुसरी खाच असते. दोन्ही टोकं घट्ट बसेपर्यंत दाबा. चालला नाही तर दुसरी रॅम, मग दुसरी खाच. चारही जोड्या करून पाहिल्या की रॅम खराब आहे की खाच, हे स्पष्ट होतं.

रॅमच्या सोनेरी पट्टीला खोडरबर घासायचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पावसाळ्यात तो लागूही पडतो, कारण दमट हवेत संपर्काच्या जागी बारीक थर बसतो. पण मऊ पांढरं रबर वापरा, हलक्या हाताने घासा आणि रबराचा चुरा पूर्ण झटकल्याशिवाय रॅम परत लावू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड मिळालं तर ते अधिक चांगलं.

नवीन डीडीआर५ रॅमच्या कॉम्प्युटरबद्दल एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्यांदा सुरू करताना किंवा बायोस रिसेट केल्यावर रॅमची जुळणी करायला त्याला काही मिनिटं लागू शकतात. तोवर स्क्रीन काळीच असते. घाबरून मध्येच बंद केलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. दहा मिनिटं शांत बसा.

रॅमनंतर बायोस रिसेट. प्लग काढा, बोर्डवरचा नाण्यासारखा गोल सेल काढून पाच मिनिटांनी परत लावा. हा सीआर२०३२ प्रकारचा ३ व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. कॉम्प्युटरची तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर हा सेल संपला आहे असं समजा. रॅमचा वेग वाढवायची सेटिंग करून ठेवली असेल आणि ती झेपत नसेल, तर याच रिसेटने कॉम्प्युटर परत उभा राहतो.

प्रोसेसर नवा आणि बोर्ड जुना असेल तर आणखी एक शक्यता उरते. २०१८ मध्ये आलेल्या बी४५० बोर्डवर २०२० च्या शेवटी आलेला रायझन ५००० चा प्रोसेसर बसतो, पण बोर्डचं बायोस जुनं असेल तर तो ओळखला जात नाही. दोन्ही वस्तू चांगल्या असतात, फक्त त्यांची ओळख झालेली नसते. काही बोर्डवर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करता येतं. ती सोय नसेल तर दुकानदाराकडून अपडेट करून घ्या.

शेवटी ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून पाहा. कार्डला स्वतंत्र पॉवर केबल लागत असेल तर ती पूर्ण आत गेली आहे का, हे डोळ्यांनी तपासा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० या महागड्या कार्डांचे कनेक्टर वितळल्याच्या घटना जगभर गाजल्या. अनेक प्रकरणांत केबल पूर्ण खोचलेली नव्हती असं एनव्हिडियाने तेव्हा सांगितलं. सैल जोड म्हणजे उष्णता, हे घरातल्या गिझरच्या प्लगला लागू आहे तसंच इथेही.

चौथी पायरी: डिस्प्ले येतो, पण विंडोज नाही

आधी बायोसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतं का ते पाहा. दिसत नसेल तर साटा केबल बदला आणि दुसऱ्या पोर्टला लावा. एम.२ प्रकारची एसएसडी असेल तर स्क्रू काढून ती परत नीट बसवा. काही बोर्डवर एम.२ ची खाच भरली की साटाचे एक-दोन पोर्ट आपोआप बंद होतात. नवी एसएसडी लावल्यावर जुनी हार्ड डिस्क 'गायब' झाली, तर हेच कारण असू शकतं.

जुन्या हार्ड डिस्कमधून 'टक-टक' असा ठराविक लयीत आवाज येत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. तिच्यात घरातले फोटो, दुकानाचे हिशेब, प्रोजेक्ट असेल तर डेटा परत मिळण्याची शक्यता प्रत्येक प्रयत्नागणिक कमी होते. इथे क्रम उलटा आहे. आधी डेटा, मग दुरुस्ती.

डिस्क दिसत असेल पण कॉम्प्युटर फार रेंगाळत असेल, तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत प्रोग्रामने तिची तब्येत पाहता येते. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर त्याच दिवशी बॅकअप घ्या.

पाचवी पायरी: चालता चालता मध्येच बंद होतो

इथे तो कधी बंद होतो हेच सगळ्यात मोठं उत्तर आहे.

सुरू केल्यावर दोन-चार मिनिटांतच बंद होत असेल तर प्रोसेसर तापतोय. कूलरचे चारही स्क्रू घट्ट आहेत का, कूलरच्या तळाची प्लास्टिकची पट्टी काढायची राहिली नाही ना, थर्मल पेस्ट वाळून गेली नाही ना, हे पाहा. 'एचडब्ल्यूइन्फो' या मोफत प्रोग्राममध्ये तापमान दिसतं. नुसता डेस्कटॉप उघडा असताना ४०-५० अंश ठीक. काहीच काम नसताना ८० च्या वर जात असेल तर कूलरकडे लक्ष द्या.

फक्त गेम खेळताना किंवा व्हिडिओ एडिट करताना एकदम अंधार होऊन रिस्टार्ट होत असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर. अचानक वाढणारा भार त्याला पेलत नाही. इथे मित्राचा चांगला एसएमपीएस, त्याच्याच केबलांसकट, लावून पाहणं ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे.

कधी ब्राउजर बंद, कधी निळी स्क्रीन, दर वेळी वेगळा एरर असं होत असेल तर रॅम तपासा. 'मेमटेस्ट८६' पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. त्यात एकही एरर आला तरी रॅम किंवा तिच्या सेटिंगमध्ये दोष आहे असं धरा.

विंडोजच्या नोंदींमध्ये 'कर्नल पॉवर ४१' असं दिसलं की अनेक जण लगेच एसएमपीएस बदलतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. का, ते ती सांगत नाही.

इंटेलचं प्रकरण काय सांगतं?

अंदाजाने पार्ट बदलणं किती फसवं असू शकतं याचं मोठं उदाहरण अलीकडचंच आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरवर अनेकांचे गेम बंद पडायला लागले. स्क्रीनवर एरर यायचा की ग्राफिक्सची मेमरी अपुरी आहे. साहजिकच संशय ग्राफिक्स कार्डवर आणि त्याच्या ड्रायव्हरवर गेला. प्रत्यक्षात दोष प्रोसेसरमध्ये होता. तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने हळूहळू झिजत होता. २०२४ मध्ये इंटेलने हे मान्य केलं, बायोसमधून दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र जे प्रोसेसर आधीच झिजले होते, ते अपडेटने बरे होत नाहीत. ते बदलूनच घ्यावे लागतात.

तुमच्याकडे यातला प्रोसेसर असेल तर आजच बायोस अपडेट झालं आहे का ते पाहा. आणि बाकी सगळ्यांनी एवढं लक्षात ठेवा: एररमध्ये ज्या पार्टचं नाव येतं, तो दोषी असेलच असं नाही.

वळीव, पावसाळा, धूळ आणि पूर

आपल्याकडे दोष शोधताना कॅलेंडरही पाहावं लागतं.

एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग गडगडायला लागले की कॉम्प्युटरचा प्लग काढाच, पण इंटरनेटची केबलही काढा. कडकडाटानंतर फक्त लॅन पोर्ट जळाला असं होतं ते यामुळेच. विजेचा लोंढा प्लगमधून येतो तसा तांब्याच्या केबलमधूनही येतो.

पावसाळ्यात खोली दमट होते. कॉम्प्युटर आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून अर्धा तास चालवलेला बरा. कॅबिनेट भिंतीच्या ओलीपासून दूर आणि जमिनीपासून थोडं वर ठेवा. मागच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या लावून घ्या. त्या फटीतून पाल, झुरळं आणि मुंग्या आत जातात आणि पाल एसएमपीएसमध्ये शिरली तर तिच्यासकट एसएमपीएसही जातो.

मलकापूर पुणे-बेंगळुरू महामार्गावरच आहे. वाहनांची आणि रस्त्याच्या कामांची धूळ रस्त्याकडेच्या घरांत शिरते. अशा घरात दर तीन-चार महिन्यांनी ब्लोअर मारावा लागतो. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर थेट बोर्डला लावू नका. त्याच्या नळीवर स्थिर वीज जमते.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-कोयनेच्या काठी, कराडपासून सांगलीपर्यंत अनेक घरांत पाणी शिरलं. पाण्यात गेलेला कॉम्प्युटर "चालतोय का बघू" म्हणून सुरू करू नका. पाण्याने लगेच होतं त्यापेक्षा जास्त नुकसान ओला बोर्ड चालू केल्याने होतं. प्लगला हात लावण्याआधी घरातला मेन स्विच बंद करा. मग सेल काढा, डिस्क वेगळी करा. पुराच्या पाण्यात गेलेला एसएमपीएस वाळला तरी पुन्हा वापरू नका. डिस्क मात्र फेकू नका. तिच्यातला डेटा मिळू शकतो.

हे स्वतः करू नका

एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त साठा काही काळ राहू शकतो. जळका वास, धूर किंवा 'फट्' असा आवाज आला असेल तर पुन्हा सुरू करून पाहू नका.

प्रोसेसर शेवटपर्यंत काढू नका. बोर्डच्या किंवा प्रोसेसरच्या पिना वाकल्या की वॉरंटी बहुतेक वेळा नाकारली जाते. जुन्या एएम४ बोर्डवर कूलर काढताना तो सरळ वर ओढू नका. पेस्ट चिकटलेली असेल तर प्रोसेसरही उपटून येतो. आधी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून, प्लग काढून, कूलर हलकेच फिरवत सोडवा. कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर घाई न करता फिरवत राहा.

दुकानात जाताना काय न्यायचं?

एवढं करूनही दोष सापडला नाही, तर दुकानात जाण्यात काही कमीपणा नाही. पण "चालत नाही" एवढंच सांगू नका. कागदावर लिहून न्या: कोणता दिवा अडकतो, किती बीप येतात, कधी बंद होतो, कोणते पार्ट बदलून पाहिले आणि त्याने काय फरक पडला. चांगला मेकॅनिक हा कागद पाहून तासाभराचं काम दहा मिनिटांत करतो. आणि नको असलेला पार्ट गळ्यात मारणाऱ्यालाही कळतं की समोरच्याने तपासलेलं आहे.

प्रत्येक पार्टचं जीएसटी बिल, खोकं आणि सिरियल नंबरचा फोटो जपून ठेवा. मदरबोर्डसोबत आलेलं सॉकेटचं काळं झाकणही टाकू नका. वॉरंटीत बोर्ड पाठवताना ते लागतं. वॉरंटी असूनही कुणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते.

आणि एखाद्याच्या सांगण्यावरून नवा पार्ट घ्यायला निघाला असाल, तर त्याला आधी विचारा, "हाच पार्ट खराब आहे हे कशावरून?" उत्तरात एखादी करून पाहिलेली चाचणी असेल तर खुशाल घ्या. नुसतं "असणारच" असेल, तर पैसे खिशातच ठेवा आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा एकदा तपासा.